ओट्याची कैफियत

सिडकोतील एका नव्या सदनिकेत, गृहप्रवेशास पुरते वर्षही लोटलेले नसताना, स्वयंपाकघरातील शुभ्र ओट्याने आपला रंग टाकण्यास आरंभ केला. आणि हरतऱ्हेचे उपाय करून थकलेला गृहस्वामी अखेर आपल्या काकूंकडे, म्हणजे छत्रपती संभाजीनगरातच आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवून सेवानिवृत्त झालेल्या एका विदुषीकडे, मसलतीसाठी आला. त्या दोघांत जे संभाषण झाले, त्यातील घरगुती चौकशांचा भाग वगळून बाकीचा मजकूर संसारी वाचकांच्या उपयोगी पडेल अशा समजुतीने येथे देत आहे. काकूंची वाक्ये लांब असत. ती मध्येच तोडण्याचा अधिकार त्यांच्या विद्यार्थ्यांनी कधी घेतला नाही, तेव्हा मीही तो घेतलेला नाही.

पुतण्या : काकू, दगड बसवणाऱ्याने हमी दिली होती की हा ओटा जन्मभर असाच पांढरा राहील. आज पाहावे तर शेगडीजवळ हळदीचे पिवळे ठसे, नळाभोवती खरखरीत पांढुरके कडे, आणि मधोमध जागोजागी तकाकी उडालेले मंद गोल. लिंबू चोळले, सोडा घासला, तारेची घासणीही चालवली. प्रत्येक इलाजानंतर ओटा अधिकच केविलवाणा झाला.

काकू : तू डागांची यादी दिलीस, इलाजांची यादी दिलीस, परंतु ज्याच्या अंगावर हे सारे प्रयोग झाले तो दगड कोणत्या जातीचा, याचा उल्लेख तुझ्या कैफियतीत कोठेच नाही.

पुतण्या : पांढरा आहे, एवढे निश्चित. बसवणारा मार्बल म्हणत होता, शेजारी क्वार्ट्झ म्हणतात.

काकू : म्हणजे पंचाईत तेथूनच सुरू झाली. आपल्या जुन्या घरांत ओटा कडप्प्याचा आणि खाली शहाबादी फरशी असे; कडप्पा आंध्रातून येई, शहाबादी जुन्या निजामी मुलखातील गुलबर्ग्याकडून येई, आणि ते दोन्ही दगड मुळात चुनखडीचेच असल्यामुळे चिंचेने, ताकाने, कोकमाने त्यांची झीज होत होती; पण ओटा काळा आणि स्वयंपाकघर अंधारे, तेव्हा ते कोणाच्या नजरेस येत नव्हते, इतकेच. आता तुम्ही ओटा पांढरा केला, वर दिव्यांची रोषणाई केली, आणि आजवर जे अंधारात निभावून गेले ते सारे एकदम उजेडात आले. पांढऱ्या ओट्याचे निदान चार प्रकार हल्ली बाजारात आहेत. एक खरा संगमरवर, म्हणजे मकराण्याच्या वा तत्सम खाणीचा कॅल्शियम कार्बोनेट. दुसरा पांढरट ग्रॅनाइट, जो सिलिकेटी खनिजांचा असल्यामुळे लिंबाला दाद देत नाही. तिसरा कारखान्यात घडवलेला क्वार्ट्झ, ज्यात वजनाने सुमारे नव्वद टक्के गारेची भुकटी आणि उरलेला भाग तिला बांधून ठेवणाऱ्या रेझिनचा असतो. आणि चौथा व्यापारी ज्याला ‘नॅनो व्हाइट’ म्हणतात तो काचेच्या जातीचा, ज्यात रंध्रे जवळजवळ नाहीतच. एका प्रकाराला जे औषध ते दुसऱ्याला विष ठरते. तू लिंबू चोळलेस तेव्हा काय दिसले?

पुतण्या : बारीक बुडबुडे आल्यासारखे वाटले. मला वाटले, मळ निघतो आहे.

काकू : मळ नव्हे, ओटा निघत होता. ते बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. आम्ल आणि कॅल्शियम कार्बोनेट यांची गाठ पडली की तो वायू सुटतो आणि दगडाचा तेवढा अंश विरघळून जातो. तुझा ओटा संगमरवराचा आहे, याला आता वेगळ्या दाखल्याची गरज नाही. ज्याला खातरजमा करावयाची असेल त्याने सिंकच्या कापलेल्या कडेवर, जेथे पॉलिश नाही आणि कोणाचे लक्ष जात नाही, तेथे लिंबाचा एक थेंब टाकून पाहावा. भर ओट्यावर अर्धे लिंबू फिरवू नये. आणि ते मंद गोल ज्यांना तू डाग म्हणतोस, ते डाग नव्हेतच. बाहेरचा पदार्थ दगडात शिरून बसला तर तो डाग. तो बाहेर काढता येतो. येथे दगडाचाच घोटीव पृष्ठभाग आम्लाने खाल्ला आहे, आणि जे गेले ते कोणत्याही साबणाने परत येत नाही.

पुतण्या : पण लिंबाने सर्व काही स्वच्छ होते, अशी तर घरोघरची समजूत आहे.

काकू : ती समजूत तांब्या-पितळेच्या भांड्यांवरून आली. तांब्याचा तांब्या चिंचेने घासला की लख्ख होतो, कारण तेथे काढावयाचा असतो तो धातूवर चढलेला ऑक्साइडचा काळसर थर, आणि आम्ल तेवढाच थर विरघळवून खालच्या धातूला जवळजवळ हात लावत नाही. तो अनुभव खरा आहे. तो संगमरवरावर चढवला, ही चूक. तारेची घासणी चालवलीस ते तर त्याहून वाईट. कॅल्साइट या खनिजाचा कठीणपणा मोह्‌सच्या मापनात तीन, पोलाद त्याच्या बरेच वर. म्हणजे तू ओट्यावर असंख्य चरे पाडलेस, आणि घासणीचे जे बारीक तुकडे त्या चऱ्यांत अडकले असतील ते पावसाळ्यात गंजून तांबूस ठिपके देतील. ते दिसू लागले तर माझ्याकडे ये. गंजासाठी बाजारात जे ऑक्झॅलिक आम्ल मिळते ते ग्रॅनाइटला चालेल, तुझ्या ओट्याला नाही.

पुतण्या : मग त्या मंद गोलांना काहीच उपाय नाही?

काकू : आहे, पण तो स्वच्छतेचा नव्हे, घोटाईचा. मोझॅक आणि संगमरवराची फरशी घोटणारे कारागीर शहरात अजून मिळतात. बारीक बारीक होत जाणाऱ्या घोटदगडांनी तेवढा भाग समतल करून ते पुन्हा तकाकी आणतात. गोल अगदी उथळ असेल तर संगमरवरासाठी विकली जाणारी पॉलिशची पूड ओल्या फडक्याने फिरवूनही निभावते. आता हळदीकडे वळू. तुझा खरा तंटा तिच्याशी आहे.

पुतण्या : गेल्या आठवड्यात पाहुण्यांसाठी नान-खलिया केला होता. त्या खलियाच्या तर्रीचा एक ओघळ रात्रभर ओट्यावर राहिला. सकाळी सोडा लावला, तर पिवळा डाग डोळ्यांदेखत तांबडा झाला! मी घाबरून हात आखडला.

काकू : घाबरण्याचे कारण नव्हते, कारण देवघरातील कुंकू पिढ्यान्‌पिढ्या याच मार्गाने तयार होत आले आहे. हळदीचा रंग ज्या द्रव्यामुळे आहे ते कर्क्युमिन. १८१५ साली ते युरोपात प्रथम वेगळे काढले गेले, आणि आपल्याकडे त्याहून कितीतरी आधीपासून हळदीत चुना घालून तिचे कुंकू करीत होते. आम्लाच्या वा साध्या पाण्याच्या संगतीत कर्क्युमिन पिवळे, अल्कलीच्या संगतीत तांबडे. सोडा अल्कली, साबणही अल्कली. म्हणून हळदीचा सदरा साबणाला लागताच लाल होतो आणि खळबळून धुतला की पुन्हा पिवळा. सोड्याने तुझा डाग वाढला नाही, डागाने केवळ आपले नाव सांगितले. डाग हळदीचाच आहे याची याहून स्वस्त तपासणी दुसरी नाही.

पुतण्या : तपासणी झाली. परंतु तो निघत का नाही?

काकू : सबब त्याच्या स्वभावात आहे. कर्क्युमिन पाण्यात नाममात्र विरघळते, तेलात मात्र सहज. फोडणीतील कढत तेल हा रंग आपल्यात घेऊन दगडाच्या डोळ्यांस न दिसणाऱ्या रंध्रांत शिरते, थंड होते आणि तेथेच ठाण मांडते. वरून तू पाण्याचे फडके कितीही फिरवलेस तरी ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि जोर लावलास तर दगड झिजतो, रंग नाही. मात्र या रंगाला एक मोठे व्यंग आहे : तो प्रकाशात टिकत नाही. हिंगोली-वसमतच्या बाजारात इतकी हळद येते, पण शहाणा दुकानदार दळलेली हळद काचेच्या बरणीत उन्हात कधी ठेवत नाही. तुझ्या ओट्यावर खिडकीतून ऊन येत असेल, तर भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घातलेल्या कोमट पाण्याने आधी तेलकटपणा काढ आणि तो भाग रोज उन्हाला मोकळा ठेव. आठवडाभरात डाग निम्म्याने फिकट झालेला तुला दिसेल, आणि त्यासाठी तुला काडीचाही खर्च येणार नाही.

पुतण्या : ऊन तेथवर येतच नाही. समोर दुसरी इमारत आहे.

काकू : तर लेप द्यावा लागेल. औषधांच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइड आण. सहा टक्क्यांचे, ज्याला ‘वीस व्हॉल्यूम’ म्हणतात ते. ज्या वर्षी पेशवाई बुडाली त्याच १८१८ साली पॅरिसमध्ये तेनार नावाच्या रसायनज्ञाने हे द्रव्य शोधून काढले. त्यात खडूची किंवा शंखजिऱ्याची पांढरी भुकटी मिसळून श्रीखंडाइतका दाट लेप कर आणि चिमूटभर खाण्याचा सोडा टाक. कारण बाटलीतील पेरॉक्साइड टिकावे म्हणून ते किंचित आम्लधर्मी ठेवलेले असते, आणि सोड्याने ते आम्लही मरते व पेरॉक्साइडचा जोरही वाढतो. हातांत रबरी मोजे घाल. डागाच्या कडेबाहेर बोटभर जाईल असा अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर दे, वर प्लास्टिकचा कागद अंथरून त्याला टाचणीने चार भोके पाड, आणि एक अहोरात्र त्याच्याकडे फिरकू नकोस. दुसऱ्या दिवशी कागद काढ, लेप पूर्ण वाळू दे, लाकडी वा प्लास्टिकच्या पट्टीने खरवड, स्वच्छ पाण्याने पूस.

पुतण्या : एवढ्या वेळात होते तरी काय?

काकू : दोन गोष्टी, आणि दोन्ही सावकाश. पेरॉक्साइड रंध्रांत उतरून रंगाच्या रेणूची मोडतोड करते. आणि मग लेप वरून वाळू लागला की आतला ओलावा, दिव्याच्या वातीतून तेल चढावे त्या नियमाने, वर ओढला जातो व येताना सुटलेली घाण आपल्याबरोबर घेऊन येतो. म्हणजे डाग दगडातून निघून लेपात जातो. वाळण्यापूर्वीच उतावीळपणे लेप पुसून टाकणारे लोक अर्धा इलाज करून इलाजालाच दोष देतात. एका खेपेत न निघाल्यास दुसरी खेप, तिसरी खेप. चहा-कॉफीचे आणि जांभळाचे डाग याच लेपाला बहुधा लवकर वश होतात. नुसत्या तेलाचा काळपट ठसा असेल तर पेरॉक्साइडऐवजी अॅसिटोन घालावे, पण तेव्हा गॅसची शेगडी बंद, खिडक्या उघड्या. ते पेट घेणारे द्रव्य आहे. आणि ज्यांचा ओटा रेझिनी क्वार्ट्झचा आहे त्यांनी अॅसिटोनच्या वाटेला जाऊच नये.

पुतण्या : लेपासाठी मुलतानी माती नाही का चालणार? ताजमहालाला तीच लावतात असे वाचले होते.

काकू : बरोबर वाचलेस. १९९४ पासून पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने ताजमहालाच्या संगमरवरावर मुलतानी मातीचे लेप अनेकदा दिले आहेत. थर देऊन वर पॉलिथिन लावतात, आणि मग शुद्ध केलेल्या पाण्याने धुतात. तत्त्व हेच. त्याच विभागाच्या रसायनज्ञांनी अजिंठ्याच्या चित्रांसाठी आपल्या शहरात ठाण मांडून काम केले आहे, तेव्हा ही विद्या आपल्याला परकी नाही. परंतु ते माती पारखून घेतात. तुझ्या पुडीतल्या मातीत लोह किती याचा जामीन कोण? पांढऱ्या दगडावर ते लोह उतरले तर पिवळा डाग काढायला जाऊन तांबूस डाग मिळेल. घरी पांढरी भुकटीच बरी. आणि ताजमहालापर्यंत कशाला जातोस? बेगमपुऱ्यापलीकडचा आपला मकबरा नीट पाहिला आहेस?

पुतण्या : शाळेच्या सहलीत. दख्खनचा ताज म्हणतात म्हणून.

काकू : सहलीत घुमट पाहतात, भिंत पाहत नाहीत. दिलरस बानू बेगमेच्या त्या मकबऱ्याच्या प्रवेशद्वारावरील लेखात अताउल्ला आणि हंसपतराय या बांधणाऱ्यांची नावे आहेत, आणि त्यांना अंदाजपत्रकात राहण्याची सक्ती असावी असे ती इमारत सांगते. कारण संगमरवर आहे तो खालच्या पट्ट्यापुरता व वर घुमटाला, आणि मधला सारा डोलारा आपल्या स्थानिक काळ्या पाषाणाचा, त्यावर घोटून चकचकीत केलेला चुन्याचा गिलावा. ताव्हेर्निए नावाच्या फ्रेंच प्रवाशाने सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना संगमरवर लादलेले गाडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. त्यांतील लहानात लहान गाड्याला बारा बैल होते. ज्या दगडासाठी बादशाही खजिन्याने हात आखडता घेतला, तो तू सरसकट ओटाभर अंथरलास, आणि त्यावर खलिया सांडलास.

पुतण्या : ऐकून घेणे भाग आहे. नळाभोवतीच्या त्या पांढऱ्या कड्याचे काय? ते तर दगडासारखेच घट्ट आहे.

काकू : दगडासारखे नव्हे, दगडच आहे, आणि या साऱ्या प्रकरणातील अत्यंत मौजेची गोष्ट तीच. १९७६ साली जायकवाडीचे धरण पुरे झाले, नाथसागराचे पाणी शहराला मिळाले, तरी ते किती दिवसांआड येते हे तुला ठाऊक आहे. मधल्या दिवसांचा बंदोबस्त बोअरने किंवा टँकरने होतो. बेसाल्टाच्या भेगांतून मुरलेले ते पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांनी जड झालेले असते. नळाच्या बुडाशी थेंब साचतो, सुकतो, पाणी उडून जाते आणि कॅल्शियम कार्बोनेट मागे राहते. म्हणजे ओटाही कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्यावरचे कडेही कॅल्शियम कार्बोनेट! आता मला सांग, असे कोणते द्रावण आहे जे कड्याला खाईल आणि ओट्याला सोडील?

पुतण्या : नसणारच.

काकू : नाहीच. तरी बाजारात क्षार काढणारी जेवढी द्रव्ये विकली जातात ती सारी कोणत्या ना कोणत्या आम्लाची, आणि त्यांच्या जाहिरातीत ओटा कशाचा आहे याची कोणी चौकशी करत नाही. ग्रॅनाइटवर व्हिनेगरात भिजवलेले फडके पंधरा मिनिटे गुंडाळून ठेवावे, कडे भुसभुशीत होऊन निघते. तुझ्या ओट्यावर मात्र यांत्रिक उपायाखेरीज गत्यंतर नाही : कडे गरम पाण्याच्या फडक्याने बराच वेळ ओले ठेव, मग दाढीचे नवे पाते जवळजवळ आडवे धरून, ओल्यातच, कड्याचे पापुद्रे हलक्या हाताने उचलत जा. पाते उभे केलेस की ओरखडा पडलाच. आणि नंतर नळाचा वॉशर बदल. कारण गळका नळ तसाच ठेवून कडे काढणे म्हणजे सरकारी खर्चाने रस्ता उकरण्यासारखे आहे.

पुतण्या : एकाने मला सल्ला दिला की फरशी धुण्याचे अॅसिड आणि ब्लीच एकत्र ओता, काहीही शिल्लक राहणार नाही.

काकू : तुझा सल्लागार खरे बोलला, फक्त शिल्लक न राहणाऱ्यांत तुझीही गणना आहे हे सांगावयास विसरला. ब्लीचमध्ये हायपोक्लोराइट असते. त्यात आम्ल पडताच क्लोरीन वायू सुटतो, ज्याचा युद्धात पहिला मोठा वापर १९१५ च्या एप्रिलात बेल्जममधील ईप्र शहराजवळ झाला आणि ज्याने सैनिकांची फुप्फुसे जाळली. न्हाणीघराच्या बंद खोलीत संडास धुण्याचे अॅसिड आणि ब्लीच यांचा असाच संगम अजाणतेपणी घरोघर होतो. एका वेळी एकच द्रव्य वापरावे आणि ते भरपूर पाण्याने धुऊन गेल्याशिवाय दुसऱ्या बाटलीचे झाकण उघडू नये. या बाबतीत माझी शिफारस नाही, हुकूम आहे.

पुतण्या : मान्य. समजा डाग गेले, घोटाई झाली. पुढची तरतूद काय? तो दगड बसवणारा आता सीलर मारून घ्या म्हणतो.

काकू : मारून घे, पण त्याच्याकडून अपेक्षा बेताची ठेव. सीलर रंध्रांत उतरून तेलाचा प्रवेश लांबवतो. तो डागाला बंदी करत नाही, तुला फडके आणण्यापुरती मुदत मिळवून देतो. आम्लापुढे तर तो निरुपयोगीच, कारण आम्ल रंध्रांतून नव्हे, पृष्ठभागावरून खाते. ओट्यावर पाण्याचा थेंब टाकावा. काही मिनिटांत तेथला दगड गडद दिसू लागला तर सीलर संपला असे समजावे व पुन्हा द्यावा. लिंबू, कैरी, टोमॅटो पाटावरच चिरायचे, फोडणीची पळी ताटलीतच टेकवायची, आणि रात्री झोपण्यापूर्वी ओटा कोरडा पुसायचा. रेझिनी क्वार्ट्झवाल्यांना वाटते आपण यातून सुटलो. डागांपासून ते बरेचसे सुटले आहेतही, परंतु सुमारे दीडशे अंशांपुढे त्यांचे रेझिन करपते, आणि शेगडीवरून उतरवलेल्या कढईने पडलेला तो तपकिरी चटका कोणत्याच लेपाने जात नाही.

पुतण्या : तुमचा अखेरचा निवाडा काय, काकू? ठेवू की बदलू?

काकू : सारा बदलण्याचे कारण नाही. शेगडीच्या दोन्ही अंगांना हातभर आणि सिंकच्या भोवती, एवढ्या भागात काळा ग्रॅनाइट बसव. फोडणी, आमसूल आणि बोअरचे पाणी यांचा मारा तेथेच होतो. उरलेला संगमरवर कोरड्या कामासाठी राहू दे. आणि काढलेला तुकडा मजुराला उचलून नेऊ देऊ नकोस. त्याचा उत्तम पोळपाट होतो, कारण कणकेत आम्लही नाही आणि हळदही नाही.